गिरणेच्या पात्रातली मोरिया

शुक्रवार होता. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीचे दिवस गावाच्या कानात जो खडखडाट चालू असतो तो इतका अंगवळणी पडलेला असतो, की थांबला की उलट झोपमोड होते. मे महिन्यातल्या त्या शांत सकाळी आम्ही चौघं गिरणेच्या कोरड्या पात्रात बोट मोजायला उतरलो. मी, माझा लूमवाला दोस्त, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि एक भाचा. सामान म्हणजे पन्नास फुटी टेप, बाभळीच्या खुंट्या, मैदानं आखायला वापरतात ती फक्की अर्धी गोणी आणि दोस्तानं कारखान्यातून आणलेल्या सुताच्या दोन कांड्या. एकेरी सूत ताणलं की तुटतं, म्हणून त्यानं ते आधीच दुहेरी करून आणलं होतं.

टेप दहा वेळा टाकली, वर चाळीस फूट. ५४० फूट झाले. शेवटची खुंटी ठोकून मागं वळून पाहिलं, तर पहिल्या खुंटीपाशी उभा असलेला दोस्त अंगठ्याएवढा दिसत होता.

"मास्तर, इत्ता बडा था?" तो तिकडून ओरडला.

"इत्ताच!" मी ओरडलो.

मग रुंदी घेतली, ६१ फूट. पुढचं टोक निमुळतं केलं, मागचं गोलसर, आणि कडेनं फक्की सोडली. दोस्त चपला काढून आत आला. चपला का काढल्या हे त्यालाही सांगता आलं नसतं. एखाद्याच्या नव्या घराचा प्लॅन बघावा तसा इकडून तिकडे फिरला आणि म्हणाला, "इसमें संडास किधर था?"

तो थट्टा करत नव्हता. मोरिया बोटीबद्दल महाराष्ट्रात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे.

समुद्राशी मालेगावचा काडीचा संबंध नाही. मोसम आणि गिरणा या आमच्या नद्या, त्याही बंगालच्या उपसागराकडे नाहीत की सरळ अरबी समुद्राकडे नाहीत. गिरणा पूर्वेला जाते, तापीला मिळते आणि मग तापी उलटी पश्चिमेला जाऊन सुरतेला समुद्र गाठते. एवढा वळसा घालून आमचं पाणी खारं होतं. तरी लहानपणी 'बोट' हा शब्द या गावात दोन वाटांनी कानावर पडायचा. एक शाळेतून, दुसरा मोहल्ल्यातून.

शाळेतली बोट म्हणजे मोरिया. आमच्या गुरुजींच्या तोंडून ती 'मोरया' अशीच यायची, आणि इंग्रजांनी आपल्या बोटीला गणपतीचं नाव का ठेवलं असेल या कोड्यात माझं चौथीचं अख्खं वर्ष गेलं. भिंतीवर टांगलेल्या चित्रात काळ्याभोर लाटा उसळत असायच्या, मधोमध बोटीवरून उडी घेतलेले सावरकर हात मारत चाललेले, मागून गोळ्यांच्या रेघा. बोट होती कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. चित्रकाराला ती नकोशीच झाली असावी. सगळं लक्ष उडीवर. मला मात्र तो कोपराच दिसायचा. उडी मारायला आधी काहीतरी पायाखाली लागतं, आणि ते काय होतं हे कुणी सांगत नव्हतं.

पुढं नोकरी लागल्यावर मुंबईच्या चोर बाजारात एका टपरीत मला मोरियाचं पोस्टकार्ड मिळालं. विकणाऱ्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघून भाव सांगितला आणि मी तो दिला. काळं अंग, वर दगडी रंगाची माडी, दोन उंच काळी धुराडी, पुढं-मागं एकेक डोलकाठी. पाठ कोरी. ते कार्ड आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत जे वाचलं, जमवलं, लोकांना विचारून वैताग आणला, त्या सगळ्याचं मूळ तिथं आहे.

मोरिया पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीची, म्हणजे जगाच्या तोंडी असलेल्या पी अँड ओची. ग्लासगोच्या बार्कले कर्ल कारखान्यात क्लाइड नदीवर बांधलेली, १९०८ साली पाण्यात उतरलेली. सुमारे १०,९०० टनांची. इथं एक खुलासा केल्याशिवाय मला राहवत नाही, कारण दहा माणसांत नऊ जण चुकतात: हा टन वजनाचा नव्हे. बोटीच्या पोटात बंदिस्त जागा किती, ते मोजायचं हे माप आहे. १०० घनफूट म्हणजे एक टन. त्या हिशेबानं टायटॅनिक ४६,३२८ टनांची, म्हणजे मोरियाच्या चौपटीहून मोठी. टायटॅनिक आखायला गेलो असतो तर आमची टेप सतरा वेळा पडून वर बत्तीस फूट लागले असते आणि सूत पुरलं नसतं.

नावाचा उलगडा झाला तेव्हा मी एकटाच हसलो. ग्रीसच्या दक्षिणेला जो पेलोपोनीस द्वीपकल्प आहे, त्याचं मध्ययुगातलं नाव मोरिया. कंपनीनं तेव्हा 'म'ची बाराखडी लावली होती. १९०३ ते १९११ या काळात एका घडणीच्या दहा बोटी झाल्या, सगळ्या 'एम'वरून: मोल्डाव्हिया, मंगोलिया, मार्मोरा, मॅसिडोनिया, मूलतान, माळवा, मोरिया, मँटुआ, मलोया, मदिना. यातली माळवा म्हणजे आपलाच माळवा. शिंदे-होळकरांच्या मुलखाचं नाव घेऊन एक बोट लंडनहून ऑस्ट्रेलियाला जात होती, आणि इंदुरात कुणाला त्याचा पत्ताही नसेल.

मोरियाही ऑस्ट्रेलियाचीच बोट. लंडनजवळच्या टिलबरीहून निघायची, जिब्राल्टर, मार्सेलिस, पोर्ट सैद, सुएझ, एडन, कोलंबो करत सिडनीपर्यंत. मुंबई तिच्या वाटेवर नव्हतीच. मुंबईचे प्रवासी आणि टपाल एडनला उतरून दुसऱ्या बोटीत चढायचं, आणि त्या कामासाठी कंपनीनं खास बोट बांधली होती: सॅल्सेट. १९०८ चीच, ५,८४२ टनांची, अंग पांढरंशुभ्र, वेगाला तेज. एडन-मुंबई, मुंबई-एडन, बस्स. आणि सॅल्सेट म्हणजे काय? साष्टी. वांद्र्यापासून वर ज्या बेटावर आज अर्धी मुंबई लोकलला लोंबकळते ते साष्टी बेट. सावरकरांना घेऊन मोरिया निघाली हे सगळ्यांना माहीत असतं. ते २२ जुलै १९१० ला मुंबईत उतरले ते मोरियातून नव्हे, साष्टीच्या नावाच्या बोटीतून, हे मी व्याख्यानात सांगतो तेव्हा पहिल्या रांगेतले आजोबा हमखास हात वर करून "नाही, मोरियाच" म्हणतात.

मार्सेलिसला बोट का थांबायची, याचं उत्तर टपालात आहे. पी अँड ओ माणसांपेक्षा आधी टपालाची कंपनी. सरकारी टपालाचा ठेका हा तिचा कणा. लंडनचं टपाल रेल्वेनं फ्रान्स ओलांडून दक्षिणेला यायचं आणि तिथं बोटीवर चढायचं. बिस्केच्या उपसागरात पोटातलं पाणी हलतं ते टाळायला पैसेवाले प्रवासीही तोच मार्ग धरायचे. अलीकडच्या टोकाला मुंबई. १ जून १९१२ पासून बॅलार्ड पिअरवरून पंजाब लिमिटेड सुटू लागली ती याच बोटींच्या टपालासाठी आणि साहेबांसाठी. तीच आजची पंजाब मेल. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ. मनमाड आमच्यापासून ३५-४० किलोमीटर. म्हणजे क्लाइडवर बांधलेल्या बोटीतून आलेल्या टपालाच्या पिशव्या आमच्या बाजारच्या स्टेशनवरून रात्री-बेरात्री पुढं जायच्या. समुद्र आमच्यापासून वाटतो तेवढा लांब नव्हता.

आता ती उडी, पण बोटीच्या बाजूनं.

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याची तार लंडनपर्यंत, तिथं असलेल्या सावरकरांपर्यंत पोचली. १३ मार्च १९१० ला सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं. खटल्यासाठी हिंदुस्थानात न्यायला १ जुलैला मोरियावर चढवलं. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पार्कर, हिंदुस्थानातला पोलिस अधिकारी पॉवर आणि दोन देशी हेड कॉन्स्टेबल, असा पहारा. ७ जुलैच्या संध्याकाळी बोट मार्सेलिसला लागली. ८ च्या सकाळी सावरकर शौचकूपात गेले.

दोस्ताला मी एवढंच सांगू शकलो की जागा बोटीच्या कडेला होती, कारण तिला पोर्टहोल होतं. त्या काळच्या बोटींची पोर्टहोलं म्हणजे मोठ्या ताटाएवढी गोल खिडकी, पितळी कडं, जाड काच. (मराठीला 'महापौर' आणि 'चित्रपट' देणाऱ्या माणसाची आख्खी कीर्ती ज्या भोकातून गेली, त्याला मराठी शब्द अजून नाही. 'गवाक्ष' म्हणून पाहिलं. कुणी दाद दिली नाही.) दाराला काच होती, बाहेरून नजर ठेवता यावी म्हणून, सावरकरांनी तिच्यावर अंगातला गाऊन टांगला असं सांगतात. मग ताटाएवढ्या भोकातून खांदे.

आम्ही कारखान्यातून आणलेल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण वाळूत ठेवलं आणि दोस्ताच्या पोरानं त्यावरून खांदे मोजले. एक खांदा आधी, हात वर, मग दुसरा, तर जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं. "मगर नीचे?" नीचे म्हणजे बाहेर, बोटीचं सरळसोट लोखंडी अंग. पकडायला काही नाही. खाली बंदराचं तेलकट पाणी.

बंदराचं. चित्रातल्या काळ्याभोर लाटा तिथं नव्हत्या. मोरिया भर समुद्रात नव्हती, धक्क्याच्या आत उभी होती, आणि पोहण्याचं अंतर मैलांत मोजण्यासारखं नव्हतं. हे मी पहिल्यांदा एका कार्यक्रमात बोललो तेव्हा सभागृहात कुजबूज झाली. मी काहीतरी काढून घेतोय असं लोकांना वाटलं. मला उलट वाटतं. लाटांत हात मारणं पुष्कळांना येतं. चार पहारेकऱ्यांच्या नाकासमोर, दिवसाढवळ्या, बोट बंदरात असताना, ताटाएवढ्या भोकातून बाहेर पडणं ही वेगळी जात. आणि त्याहून वेगळं म्हणजे नंतरचा विचार: किनाऱ्यावर पाय लागला की आपण फ्रान्समध्ये आहोत, आणि फ्रान्समध्ये इंग्रज पोलिसाला हात लावता येणार नाही. बॅरिस्टरी शिकलेल्या माणसाची उडी होती ती. चित्रकारानं लाटा काढल्या. काढायला हवी होती धक्क्याची कड, जिथं एका देशाचा कायदा संपतो.

कायद्यानं मात्र साथ दिली नाही. किनाऱ्यावर फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादारानं त्यांना धरलं, बोटीवरून धावत आलेल्या तिघांनी त्याला हात दिला आणि पुन्हा मोरियावर. दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, बोट निघून गेली. मादाम कामा आणि अय्यर या त्यांच्या साथीदारांना किनाऱ्यावर यायला थोडा उशीर झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्याहून मला चुटपुट लावते ती कागदाची गोष्ट. २९ जूनलाच लंडनच्या पोलिसप्रमुखानं पॅरिसच्या पोलिसांना लिहून कळवलं होतं की या बोटीतून असा माणूस येतोय, लक्ष असू द्या. म्हणजे उडीच्या नऊ दिवस आधीच एक चिठ्ठी बोटीच्या पुढं मार्सेलिसच्या वाटेला लागली होती.

पॅरिसच्या 'ल्युमानिते'त कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे यानं हे प्रकरण लावून धरलं. २५ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांनी ते हेगच्या लवादाकडे द्यायचं ठरवलं. बेल्जियमचे बेर्नार्त अध्यक्ष. फ्रान्स, इंग्लंड, नॉर्वे, नेदरलंड्सचा एकेक. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. परत देण्यात गैर झालं, पण म्हणून इंग्लंडनं कैदी फ्रान्सला परत द्यावा असा कुठला नियम नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत हा 'सावरकर खटला' आजही शिकवला जातो. लवाद बसेपर्यंत मुंबईच्या खास न्यायालयानं दोन जन्मठेपा ठोठावूनही झाल्या होत्या. २७ जून १९११ ला मद्रासहून महाराजा नावाच्या बोटीनं ते अंदमानला निघाले, ४ जुलैला पोचले.

आणखी एक गोष्ट कुठल्याच चित्रात नाही. मोरियावर हिंदी माणसं फक्त तीन नव्हती. पी अँड ओच्या बोटी चालायच्याच हिंदी खलाशांवर. डेकवरचे बहुतेक कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्याचे, रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी त्यांत मोठ्या संख्येनं. इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण. जेवणाच्या दालनात गोव्याचे बटलर. त्यांच्या पदव्या आपल्याच भाषांतल्या: सारंग, तांडेल, भंडारी, बॉयलरशी आगवाला, कोळसा ओढायला कोयलावाला. जुलैत तांबड्या समुद्रात भट्टीसमोर उभं राहणाऱ्या आगवाल्याला वर पहिल्या वर्गात काय चाललंय हे दिसत नसे. वर पडवीत खुर्च्या टाकून साहेब-मडमा बसलेल्या. 'पॉश' हा शब्द याच बोटींच्या तिकिटांवरून आला, जाताना डावी बाजू नि येताना उजवी, सावलीच्या केबिनी, अशी एक गोष्ट सगळीकडे छापली जाते. गोड आहे, पण खोटी. तसा शिक्का मारलेलं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. सावली मात्र खरी, आणि ती विकत मिळायची हेही खरं. पुढं १९२४ पासून सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या जिल्ह्यातल्या कुणा म्हाताऱ्या सारंगानं त्यांना रस्त्यात पाहिलं असेल आणि "ह्यो आमच्या बोटीवरचा" म्हणाला असेल, असं मला उगाच वाटत राहतं. हा माझा पुरावा नसलेला लाड.

आता मोहल्ल्यातली बोट. ती म्हणजे हजची.

विमानं सरसकट व्हायच्या आधी मालेगावचे यात्रेकरू मुंबईहून बोटीनं जायचे. मोगल लाइनच्या बोटी: मोहम्मदी, अकबर, नूरजहाँ. १९९५ नंतर मुंबई-जिद्दा बोट बंद झाली. आमच्या लहानपणी हज म्हणजे बोटच. गल्लीतून कुणी निघालं की गळ्यात हार, मागं अर्धा मोहल्ला, मनमाडपर्यंत पोचवायला ट्रकभर माणसं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदी.

दोस्ताचे अब्बा मोहम्मदीनं गेले होते. आता पंचाऐंशीच्या पुढं आहेत, कानांनी कमी, पण बोटीचं काढलं की खाटेवर उठून बसतात. मी त्यांच्याकडून जे शिकलो ते पुस्तकात मिळालं नसतं. डेकच्या प्रवाशाला केबिन नसते. जागा असते, चटईएवढी, आणि ती पहिल्या दिवशी धरायची. पहिले दोन दिवस कुणी जेवत नाही, भंडाऱ्याचा सगळा भात फुकट जातो. तिसऱ्या दिवशी सगळे एकदम जेवतात आणि भात पुरत नाही. आठवडाभरानं एका संध्याकाळी भोंगा वाजतो: यलमलमच्या समोर आलो, एहरामची पांढरी वस्त्रं बांधा. "एक मिनट में पूरा जहाज सफेद," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला आजवर दहा-बारा वेळा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी हात असा फिरवतात, जणू त्यांनीच रंग दिला.

मोरियाचं पोस्टकार्ड मी एकदा त्यांना दाखवलं. खूप वेळ निरखून म्हणाले, "इसमें डेक के लोग किधर बैठते?" मी म्हणालो, या बोटीत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग, डेकचे प्रवासी नसत. त्यांनी कार्ड परत दिलं. "फिर हमारे काम का नहीं."

बोटींचं पुढं काय झालं, हा माझा आजार. एकदा बोटीचं नाव कळलं की ती कुठं संपली हे कळेपर्यंत चैन पडत नाही. म्हणून हे थोडं सहन करा.

सावरकर ९ जून १९०६ ला मुंबईहून विलायतेला निघाले ते पर्शिया नावाच्या बोटीनं. १९०० सालची, जवळजवळ आठ हजार टन. बोटीवर हरनामसिंग नावाचा एक शीख तरुण घरच्या आठवणीनं परत फिरायला निघाला होता, त्याची समजूत सावरकरांनी घातली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. याच पर्शियानं १९१२ मध्ये ॲनी फंक नावाची अमेरिकन मिशनरी बाई मुंबईहून निघाली. छत्तीसगडात जांजगीरला शाळा चालवायची. आई आजारी असल्याची तार आली म्हणून घाईनं निघालेली. मार्सेलिसला उतरून इंग्लंड गाठलं, तर कोळसा कामगारांच्या संपामुळं तिची बोट रद्द. थोडे पैसे जास्त भरून दुसऱ्या बोटीचं तिकीट घेतलं, ते टायटॅनिकचं. ती वाचली नाही. आणि पर्शिया? ३० डिसेंबर १९१५ ला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीनं कसलीही सूचना न देता पाणतीर मारला. ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. कपुरथळ्याच्या महाराजांचं जवाहीर तिच्यात होतं. महाराज स्वतः मार्सेलिसलाच उतरले होते.

'म'च्या दहा बोटींपैकी सहा पहिल्या महायुद्धात बुडाल्या. त्यातली मंगोलिया तर आपल्या दारात. २३ जून १९१७, भर पावसाळा, मुंबईपासून साधारण पन्नास मैलांवर. वूल्फ नावाच्या जर्मन जहाजानं पेरून ठेवलेला सुरुंग लागला. तेवीस माणसं गेली. आपल्याकडे बोट बुडाली म्हटलं की १७ जुलै १९४७ ची रेवसला निघालेली रामदास आठवते, आणि आठवायलाच हवी, सहाशेच्या वर माणसं गेली तिच्यात. पण मंगोलियाचं नाव रायगडच्या किनाऱ्यावर मी ज्याला ज्याला विचारलं त्याला ठाऊक नव्हतं. मदिनाही बुडाली, १९१७ च्या एप्रिलमध्ये. राजा पंचम जॉर्जला १९११ च्या दिल्ली दरबारासाठी मुंबईत उतरवणारी ती हीच. तिच्या प्रवाशासाठी गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. बोट गेली, दरवाजा राहिला.

सॅल्सेट, म्हणजे आपली साष्टी, २० जुलै १९१७ ला इंग्लिश खाडीत पाणबुडीनं बुडवली. आज पाणबुडे तिच्या अवशेषांत हौसेनं उतरतात. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतत होते. ते वेगळ्या बोटीनं आले आणि त्यांची जीव लावून जमवलेली पुस्तकं ज्या बोटीत होती तिला पाणबुडीनं तळाला नेलं. माणूस वाचला आणि ग्रंथ बुडाले. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेला ते गेले ते व्हाइसरॉय ऑफ इंडियानं, ४ ऑक्टोबरला. त्या काळी पी अँड ओची ती सर्वांत नवलाची बोट, विजेच्या मोटारींवर पंखे फिरणारी, पोटात पोहण्याचा हौद असलेली. ती १९४२ मध्ये ओरानजवळ गेली. दुसऱ्या वर्षी ते मूलताननं गेले. ही नवी मूलतान, १९२३ ची, बेलफास्टच्या त्याच कारखान्यात झालेली जिथं टायटॅनिक झाली. ही मात्र बुडाली नाही, १९५४ पर्यंत टिकली. गांधीजी त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, राजपुतानानं. ती १९४१ मध्ये गेली. माझ्या वहीत या नोंदी तारीखवार आहेत. बायको तिला 'दहाव्याची वही' म्हणते.

आणि मोरिया? तिला कुणी बुडवलं नाही. युद्धात सरकारी कामाला जुंपली, सुटली, पुन्हा माणसं-टपाल वाहू लागली आणि १९३० मध्ये जपानात कोबेला भंगारात काढली. मला हे बरीच वर्षं रुचत नव्हतं. एवढी बोट, आणि शेवट भंगारवाल्याकडे. मग एकदा दोस्तानं त्याच्या कारखान्याच्या मागं पडलेले जुने साचे दाखवले. लोखंडाच्या भावानं तोलून जाणार होते. त्यानं त्यातल्या एकावर हात ठेवून सांगितलं, यावर अब्बांनी तीस वर्षं काढली. मी विचारलं, मग ठेव की एक. तो म्हणाला, "रखूँ किधर?"

तर परत गिरणेच्या पात्रात. ऊन चढायला लागलं होतं. आम्ही आखलेल्या बोटीत धुराड्यांच्या जागी दोन गोल केले, मध्ये जेवणाचं दालन, मागं दुसरा वर्ग. संडास कडेला, झाकणासकट. तेवढ्यात भाचा रिक्षातून अब्बांना घेऊन आला. मी नको म्हणत असताना त्यांनीच हट्ट धरला होता. दोघांनी धरून त्यांना वाळूतून आणलं. फक्कीच्या रेघेपाशी ते थांबले. एवढी लांब बोट त्यांना एका नजरेत मावेना, म्हणून मान हळूहळू फिरवत पुढच्या टोकापर्यंत नेली.

"मुँह किधर है?"

"उधर." मी नदीच्या वरच्या अंगाला हात केला.

"मग़रिब?"

गिरणा पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. निमुळतं टोक मी वरच्या अंगाला केलं होतं, कारण तिकडची वाळू सपाट होती. दुसरा काही विचार त्यात नव्हता. मोरिया सावरकरांना घेऊन पूर्वेला येत होती आणि मी तिचं तोंड पश्चिमेला करून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं या बोटीमागं घालवलेल्या माणसाकडून झालेली चूक. मी ती सांगायला तोंड उघडलं.

"सही है," अब्बा म्हणाले, रेघ ओलांडून आत आले आणि मागच्या बाजूला, डेकवाले जिथं बसायचे साधारण तिथं, पोराच्या खांद्याचा आधार घेत वाळूत बसले.

दोस्त एव्हाना खुंट्या उपटून सूत कांडीवर गुंडाळायला लागला होता.